रोज सकाळी लाल दिसणाऱ्या अ‍ॅक्सेप्टन्स टेस्ट: पुन्हा चालवाव्यात की कारण शोधावे?

तिसरा_फलाट (सोमवार, रात्री १०:४०)

नमस्कार. मी अंधेरी पूर्वेला एका कंपनीत टेस्टिंगचे काम करते. आयुर्विम्याचे हप्ते ऑनलाइन भरण्याचे आमचे संकेतस्थळ आहे आणि त्यासाठी आम्ही दोन वर्षांत २१२ स्वयंचलित अ‍ॅक्सेप्टन्स टेस्ट लिहिल्या आहेत. ग्राहक लॉग-इन करतो, पॉलिसी निवडतो, हप्ता भरतो, पावती उतरवून घेतो, असा सगळा प्रवास या टेस्ट ब्राउझर उघडून खराखुरा करून पाहतात. रोज रात्री २ वाजता त्या सुरू होतात आणि चारच्या सुमारास संपतात.

डोंबिवलीला गाडीत बसले की मी फोनवर रिपोर्ट उघडते. रोज सहा ते नऊ टेस्ट लाल, म्हणजे फेल झालेल्या, असतात. त्यांतल्या काही रोज त्याच असतात, काही बदलत राहतात. ऑफिसात पोहोचून तेवढ्याच पुन्हा चालवल्या की बहुतेक सगळ्या हिरव्या होतात, आणि मग मी "सर्व टेस्ट पास" असे कळवते. हे वाक्य लिहिताना मला अलीकडे बरे वाटत नाही, कारण पहिल्यांदा लाल का झाल्या होत्या हे मला ठाऊक नसते. "हप्ता भरल्यावर पावती दिसते" ही एक टेस्ट तर गेल्या आठवड्यात तीनदा लाल झाली आणि तिन्ही वेळा पुन्हा चालवल्यावर हिरवी झाली.

आता आमच्या मॅनेजरांनी सुचवले आहे की फेल झालेली टेस्ट आपोआप आणखी दोनदा चालवण्याची सोय, म्हणजे ऑटो-रीट्राय, सुरू करावी, म्हणजे सकाळचा वेळ वाचेल. त्यांचे म्हणणे चुकीचे आहे असे मी ठामपणे सांगू शकत नाही, पण ते मनाला पटतही नाही. ज्यांनी अशा टेस्ट बरीच वर्षे सांभाळल्या आहेत त्यांनी कृपया सांगावे: तुम्ही रीट्राय वापरता का? आणि मुळात निकालावर विश्वास ठेवता येईल अशी टेस्ट कशी लिहायची?

गिरगावकर (सोमवार, रात्री ११:२५)

रीट्राय सुरू करू नका. माझे मत स्पष्ट आहे आणि त्यामागे साधे गणित आहे.

आधी मॅनेजरांची बाजू पाहू. समजा तुमच्याकडे २०० टेस्ट आहेत आणि त्यातली प्रत्येक टेस्ट शंभरात एकदा उगाचच फेल होते. एका टेस्टकडे पाहिले तर ९९ टक्के म्हणजे उत्तम वाटते. पण सगळ्या २०० टेस्ट एकाच रात्री पास होण्याची शक्यता ०.९९ चा २०० वा घात, म्हणजे सुमारे १३ टक्के. आठवड्यातून जेमतेम एक सकाळ हिरवी. हा त्रास खरा आहे, म्हणूनच रीट्रायचा मोह होतो.

आता दुसरी बाजू. समजा अ‍ॅप्लिकेशनमध्येच खरा दोष आहे, पण तो चारांतून एकदाच प्रकट होतो. दोन प्रक्रियांच्या शर्यतीतून, म्हणजे कोणती आधी पूर्ण होते यावरून, निर्माण होणारे दोष असेच असतात. दोन रीट्राय ठेवल्यावर रिपोर्ट लाल व्हायला ती टेस्ट लागोपाठ तीनदा फेल व्हावी लागेल. ती शक्यता चौसष्टात एक. म्हणजे चारपैकी एका ग्राहकाला भोवणारा दोष तुमच्या रिपोर्टात ६४ रात्रींतून ६३ रात्री दिसणारच नाही.

मोगरा (मंगळवार, सकाळी ८:१०)

गिरगावकर यांचे गणित बरोबर आहे, पण निष्कर्षाशी मी सहमत नाही. ऐरोलीला आमच्या टीममध्ये ९०० च्या आसपास टेस्ट आहेत आणि दर दोन आठवड्यांनी रिलीज असते. एकेका लाल टेस्टचे मूळ शोधत बसलो तर रिलीज होणारच नाही. गूगलने २०१६ साली आपले आकडे प्रसिद्ध केले होते: त्यांच्याकडे एकूण रनांपैकी सुमारे दीड टक्का रनांचा निकाल असा बेभरवशाचा येत होता, आणि सुमारे १६ टक्के टेस्टमध्ये थोडाफार तरी हा दोष होता. टेस्ट पासवरून फेलवर गेल्याच्या घटनांपैकी ८४ टक्के घटनांत अशी टेस्ट गुंतलेली होती. एवढी साधने आणि एवढी माणसे असलेल्यांना जे पूर्ण जमले नाही ते आपल्याला जमेल असे मानणे धाडसाचे आहे.

आम्ही एकच रीट्राय ठेवतो आणि त्याची नोंद ठेवतो. आम्ही ब्राउझर आपोआप चालवणारे प्लेराइट हे साधन वापरतो. त्यात पहिल्यांदा फेल आणि नंतर पास झालेली टेस्ट रिपोर्टात वेगळ्या गटात दाखवली जाते, पास म्हणून गणली जात नाही. वेळ मिळेल तसा तो गट आम्ही हातात घेतो.

सुती_साडी (मंगळवार, सकाळी ९:०२)

अशा कधी पास, कधी फेल होणाऱ्या टेस्टला आम्ही ऑफिसात "लहरी टेस्ट" म्हणतो. या धाग्यावर तोच शब्द वापरावा असे सुचवते. "अविश्वसनीय" म्हटले की अर्थ भलतीकडे जातो.

पारवा (मंगळवार, दुपारी १:३५)

"लहरी" शब्दाला अनुमोदन. आता मूळ प्रश्नाच्या दुसऱ्या भागाकडे वळतो, कारण रीट्रायचा वाद टेस्ट बिघडल्यानंतरचा आहे.

लहरीपणाचे सर्वांत मोठे कारण म्हणजे चुकीच्या पद्धतीने वाट पाहणे. २०१४ साली इलिनॉय विद्यापीठातील संशोधकांनी मुक्त सॉफ्टवेअर बनवणाऱ्या अपाचे फाउंडेशनच्या ५१ प्रकल्पांतील, लहरी टेस्टसाठी केलेल्या २०१ दुरुस्त्या तपासल्या. त्यांत सर्वांत मोठा गट, सुमारे ४५ टक्के, हा काम पूर्ण होण्याआधीच टेस्ट पुढे सरकल्याचा होता. समांतर चालणाऱ्या कामांचा गोंधळ २० टक्के आणि टेस्टच्या क्रमावर अवलंबून राहणे १२ टक्के, असे त्यानंतरचे गट होते. माझा स्वतःचा बारा वर्षांचा अनुभव याच क्रमाने जातो.

"बटण दाबा, ५ सेकंद थांबा, पावती तपासा" असे लिहिले की ती टेस्ट तिथेच बिघडली. सर्व्हरला ५.२ सेकंद लागले तर टेस्ट फेल, आणि अर्ध्या सेकंदात काम झाले तर साडेचार सेकंद वाया. मग कोणीतरी ५ चे १० करते, पुढचा माणूस १५ करतो, आणि तासाभराचा रन दोन तासांचा होतो. वाट नेहमी स्थितीची पाहावी: "पावती क्रमांक पडद्यावर येईपर्यंत थांब, मात्र २० सेकंदांहून जास्त नाही." पावती आली की टेस्ट त्याच क्षणी पुढे जाते.

यातही एक खाच आहे, आणि मी स्वतः तिच्यात अनेकदा पडलो आहे. बहुतेक पानांवर काम चालू असताना गोल फिरणारे चिन्ह दिसते. टेस्ट लिहिणारा विचार करतो की ते चिन्ह नाहीसे होईपर्यंत थांबू. पण बटण दाबल्यापासून ते चिन्ह उमटेपर्यंत काही मिलिसेकंद जातात. टेस्टने नेमके त्या फटीत पाहिले तर तिला चिन्ह दिसत नाही, "संपले वाटते" असे समजून ती पुढे जाते आणि रिकाम्या पानावर पावती शोधते. वेगवान यंत्रावर हे जास्त घडते, म्हणून नवे सर्व्हर आणल्यावर टेस्ट अधिक फेल होऊ लागल्या की लोक चक्रावतात. एखादी गोष्ट नसण्याची वाट पाहू नका. जी गोष्ट यायला हवी तिची वाट पाहा.

सेलेनियम हे ब्राउझर चालवणारे दुसरे साधन वापरणाऱ्यांसाठी आणखी एक गोष्ट. त्यात वाट पाहण्याचे दोन प्रकार आहेत, संपूर्ण सेशनला लागू होणारा आणि विशिष्ट अटीसाठीचा. दोन्ही एकत्र वापरू नका असे त्यांच्या अधिकृत माहितीपत्रातच लिहिले आहे. एक १० सेकंद आणि दुसरा १५ सेकंद ठेवला तर प्रत्यक्षात २० सेकंदांनी टाइमआउट होऊ शकतो, म्हणजे वाट पाहण्याची मुदत संपू शकते, असे उदाहरणही तिथे आहे. प्लेराइट क्लिक करण्याआधी घटक दिसतो आहे का, त्याची हालचाल थांबली आहे का, तो सुरू आहे का आणि त्याच्यावर दुसरे काही आलेले नाही ना, हे स्वतः तपासते. त्यामुळे बरेच काम हलके होते. पण पावती खरोखर तयार झाली की नाही हे कोणत्याच साधनाला आपोआप कळत नाही. ते टेस्ट लिहिणाऱ्यानेच सांगायचे असते.

घड्याळाचा_काटा (मंगळवार, सायंकाळी ७:५०)

तिसरा_फलाट, तुमच्या पहिल्या प्रतिसादातले एक वाक्य मला महत्त्वाचे वाटते: टेस्ट रात्री २ वाजता चालतात आणि सकाळी पुन्हा चालवल्या की हिरव्या होतात. ज्या यंत्रावर या टेस्ट चालतात ते कोणत्या प्रमाणवेळेवर लावलेले आहे, हे कृपया आधी पाहा.

अशा टेस्ट चालवणारी यंत्रे, म्हणजे बिल्ड सर्व्हर, सहसा यूटीसी या जागतिक प्रमाणवेळेवर असतात. आपली वेळ त्याच्या साडेपाच तास पुढे. म्हणजे आपल्याकडे रात्री १२ वाजल्यापासून पहाटे ५:३० पर्यंत त्या यंत्राच्या मते अजून कालचाच दिवस चालू असतो. टेस्टमध्ये "आजची तारीख" त्या यंत्राकडून घेतली असेल आणि अ‍ॅप्लिकेशन भारतीय वेळेवर चालत असेल, तर रात्री २ वाजता दोघांच्या तारखा जुळणार नाहीत. सकाळी नऊ वाजता त्या जुळतात. अशी टेस्ट लहरी नसतेच मुळी. ती अगदी नियमाने फेल होते आणि नियमाने पास होते, फक्त तो नियम आपल्याला माहीत नसतो.

विम्यात तारखांचे महत्त्व फार. मासिक हप्त्याला १५ दिवसांची आणि इतर हप्त्यांना ३० दिवसांची सवलत मुदत असते. ३१ जानेवारीला देय असलेला हप्ता फेब्रुवारीत कोणत्या तारखेला देय होतो? ३१ मार्चला रात्री ११:५८ ला भरलेल्या हप्त्याची पावती कोणत्या आर्थिक वर्षात मोडते? या प्रश्नांची उत्तरे तपासणारी टेस्ट खऱ्या घड्याळावर सोडली तर ती वर्षातून एकदा, तीही अवेळी, फेल होणार. म्हणून घड्याळ टेस्टच्या हातात हवे. सर्व्हरच्या कोडमध्ये "आत्ताची वेळ" सांगणारा एकच भाग ठेवावा आणि टेस्टच्या वेळी त्याला हवी ती वेळ देता यावी. प्लेराइटमध्ये २०२४ पासून घड्याळ बदलण्याची सोय आहे, पण ती ब्राउझरपुरती. सर्व्हरचे घड्याळ तुम्हालाच सोडवावे लागेल.

एनईएफटीचेही तसेच. ती १६ डिसेंबर २०१९ पासून चोवीस तास चालते, पण अर्ध्या अर्ध्या तासाच्या ४८ फेऱ्यांमध्ये. "एनईएफटीने भरलेला हप्ता जमा होतो" ही टेस्ट अर्धा तास ताटकळत ठेवण्यात अर्थ नाही. घड्याळ पुढे सरकवा, फेरी झाल्याचा संदेश स्वतः पाठवा, आणि मग पावती तपासा.

अनुस्वार (मंगळवार, रात्री ९:३०)

घड्याळाचा_काटा यांनी सांगितल्यासारखाच, यंत्रायंत्रांतल्या फरकाचा एक प्रकार मराठी पडद्यांच्या बाबतीत घडतो. आमच्या एका टेस्टमध्ये ग्राहकाचे आडनाव "गोऱ्हे" होते. पडद्यावर नाव अगदी बरोबर दिसत होते, रिपोर्टमध्येही "अपेक्षित: गोऱ्हे, प्रत्यक्ष: गोऱ्हे" असे छापून येत होते, तरी टेस्ट लाल. दोन दिवस आम्ही त्या दोन ओळींकडे पाहत बसलो होतो.

शेवटी एकेक अक्षर सुटे करून पाहिले. तो अर्धा ऱ तीन प्रकारांनी लिहिता येतो: ऱ हे एकच चिन्ह आणि हलन्त, र आणि खाली नुक्ता आणि मग हलन्त, किंवा साधा र, हलन्त आणि न दिसणारा जोडक. तिन्ही डोळ्यांना सारखेच. टेस्टमधले नाव एका कीबोर्डने टाइप केलेले होते आणि डेटाबेसमधले दुसऱ्या. युनिकोडच्या ठरलेल्या पद्धतीने प्रमाणीकरण केले तर पहिले दोन प्रकार एक होतात, तिसरा मात्र वेगळाच राहतो. त्यामुळे कोणता प्रकार ग्राह्य धरायचा हे अ‍ॅप्लिकेशनमध्ये नाव साठवतानाच ठरवावे लागले. आणि तसे पाहिले तर तो अ‍ॅप्लिकेशनचाच दोष होता, कारण गोऱ्हे आडनावाने शोध घेणाऱ्या शाखेतल्या माणसाला निम्मे गोऱ्हे सापडतच नव्हते.

आकड्यांचेही असेच. भाषा मराठी ठेवली की ब्राउझर एक लाख ही रक्कम देवनागरी आकड्यांत "१,००,०००" अशी दाखवतो. बिल्डच्या यंत्रावर भाषेची माहितीच अपुरी असेल तर तीच रक्कम इंग्रजी आकड्यांत आणि तीन-तीनच्या गटांत येते. टेस्ट सुरू होतानाच भाषा आणि प्रमाणवेळ या दोन्ही गोष्टी स्पष्ट सांगून टाकाव्यात, यंत्राच्या मर्जीवर सोडू नयेत.

खाडीपलीकडे (बुधवार, सकाळी ७:१५)

माहितीबद्दल, म्हणजे टेस्ट डेटाबद्दल, अजून कोणी लिहिले नाही म्हणून लिहितो. बहुतेक टीममध्ये एक जुना टेस्ट ग्राहक असतो. सगळ्या टेस्ट त्याच्याच नावाने लॉग-इन करतात. टेस्ट एकामागून एक चालत असतात तोवर निभते. वेळ वाचवायला चार-चार टेस्ट एकदम चालवायला सुरुवात केली की एक टेस्ट त्याचा पत्ता बदलते, दुसरी जुना पत्ता शोधत बसते, आणि तिसरीने लॉग-इन केल्यामुळे चौथी बाहेर फेकली जाते. कोणती फेल होईल हे त्या रात्री कोण आधी पोहोचले यावर ठरते.

यावर मला एकच उपाय टिकाऊ वाटतो: प्रत्येक टेस्टने स्वतःचा नवा ग्राहक, स्वतःची नवी पॉलिसी तयार करावी, तीही पडद्यावरचे फॉर्म भरून न करता थेट एपीआयने, म्हणजे प्रोग्रामने सर्व्हरला थेट विनंती पाठवून. पडदा फक्त जे तपासायचे आहे त्यासाठी वापरावा. हप्त्याच्या टेस्टने नोंदणीचा फॉर्म भरायचा नाही. तसे केले तर नोंदणीच्या पानावरचे एक बटण बदलले की साठ टेस्ट लाल होतात आणि खरे कारण कोणालाच दिसत नाही.

साफसफाई टेस्टच्या शेवटी ठेवू नये असेही सांगेन. टेस्ट मध्येच कोसळली तर शेवट येतच नाही, आणि तिचा उरलेला पसारा पुढच्या टेस्टला भोवतो. दरवेळी नवीन नावाने नवीन ग्राहक निर्माण केला तर पसाऱ्याने बिघडत नाही. जुने ग्राहक आठवड्यातून एकदा वेगळ्या कामाने काढून टाकावेत.

मोगरा (बुधवार, सकाळी १०:४०)

खाडीपलीकडे, हे पटले, आणि आमच्याकडे नेमके हेच राहून गेले आहे.

पण बाहेरच्या सेवांचे काय? पेमेंट गेटवेचे, म्हणजे ऑनलाइन पैसे स्वीकारून देणाऱ्या सेवेचे, चाचणी केंद्र रात्री कधीकधी बंद असते. ओटीपीचा संदेश उशिरा येतो. यात टेस्ट लिहिणाऱ्याची काही चूक नसते आणि अ‍ॅप्लिकेशनचीही नसते. अशा वेळी रीट्राय नाही तर दुसरे काय करायचे?

पारवा (बुधवार, दुपारी २:२०)

मोगराताई, जी सेवा आपली नाही ती रात्रीच्या अ‍ॅक्सेप्टन्स टेस्टमध्ये ठेवू नये. तिच्या जागी आपल्याच यंत्रावर एक बदली सेवा उभी करावी, जी ठरलेल्या विनंतीला ठरलेले उत्तर देते. यासाठी वायरमॉकसारखी साधने आहेत. त्याचा आणखी फायदा म्हणजे खऱ्या गेटवेकडून मागूनही मिळणार नाहीत अशी उत्तरे तपासता येतात: पैसे कापले पण पुष्टी उशिरा आली, एकच पुष्टी दोनदा आली, उत्तर अर्धवट तुटले.

मात्र बदली सेवा खऱ्या सेवेपासून हळूहळू दूर जाते, ही भीती रास्त आहे. त्यासाठी गेटवेच्या चाचणी केंद्राशी बोलणाऱ्या पाच-सात छोट्या टेस्ट वेगळ्या ठेवाव्यात आणि त्यांचा निकाल रिलीजशी बांधू नये. त्या लाल झाल्या तर गेटवेकडे चौकशी करायची. ओटीपीसाठीही तेच: टेस्टच्या वातावरणात ओटीपी एका अंतर्गत पत्त्यावर वाचता यावा. खऱ्या मोबाइलवर संदेश पोहोचतो का, हे माणसाने रिलीजआधी एकदा पाहावे.

रेतीबंदर (बुधवार, रात्री १०:०५)

मी टेस्टर नाही, बिझनेस अ‍ॅनालिस्ट आहे. ही चर्चा वाचताना जाणवले की आपण "टेस्ट" या शब्दाबद्दलच बोलत आहोत, "अ‍ॅक्सेप्टन्स" या शब्दाबद्दल नाही. हे काम मला मान्य आहे, असे कोण म्हणणार? ज्याच्यासाठी केले तो. मग टेस्ट त्याला वाचता यायला हवी. वॉर्ड कनिंगहॅम यांनी २००२ च्या सुमारास फिट नावाचे साधन केले, त्यात ग्राहक स्वतः तक्त्यांत उदाहरणे भरत असे. २००८ साली आलेल्या कुकुंबरने तेच साध्या वाक्यांत आणले. त्याच्या गर्किन या लेखनपद्धतीत मराठीची सोय आहे हे पुष्कळांना माहीत नाही. फाइलच्या पहिल्या ओळीत भाषा मराठी असल्याचे सांगितले की असे लिहिता येते:

परिदृश्य: देय तारखेलाच भरलेला हप्ता
जर पॉलिसीधारकाचा तिमाही हप्ता ५ तारखेला देय आहे
जेव्हा तो ५ तारखेला रात्री ११:५० ला हप्ता भरतो
मग त्याला त्याच तारखेची पावती मिळते
आणि त्याच्याकडून विलंब शुल्क घेतले जात नाही

दादरच्या एका शाखेत तीस वर्षे हप्ते घेतलेल्या बाईंना मी अशी चाळीस परिदृश्ये वाचायला दिली होती. त्यांनी तिसऱ्याच पानावर विचारले, "पाच तारखेला रविवार असेल तर?" तोवर आमच्यापैकी एकालाही हा प्रश्न पडला नव्हता. कोडमध्ये लिहिलेली टेस्ट त्यांना दाखवली असती तर हा प्रश्न कधीच आला नसता.

यात "बटण दाबतो", "खालच्या यादीतून निवडतो" असे काही नाही याकडेही लक्ष द्यावे. पडदा बदलला तरी हे वाक्य बदलत नाही. टेस्ट टिकण्याचे हेही एक कारण आहे.

गिरगावकर (बुधवार, रात्री ११:१५)

रेतीबंदर, दादरच्या बाईंचा प्रसंग मोलाचा आहे, पण असा वाचणारा माणूस असेल तरच हा खटाटोप करावा. मी तीन टीममध्ये अशी परिदृश्ये पाहिली आणि तिन्ही ठिकाणी ती वाचणारे फक्त प्रोग्रामर होते. वाक्य आणि कोड यांच्यामधला आणखी एक थर सांभाळावा लागतो, दोन वाक्ये किंचित वेगळी लिहिली की दोनदा कोड लिहावा लागतो, आणि टेस्ट फेल झाली की मूळ शोधायला एक पायरी जास्त. वाचणारा नसेल तर नीट नावे दिलेली साधी टेस्ट पुरते.

रेतीबंदर (गुरुवार, सकाळी ८:३०)

वाचणारा नसेल तर आधी तो शोधावा, असे मी म्हणेन. पण त्याच्याशिवाय हा थर ओझे होतो, हे मान्य.

तिसरा_फलाट (शनिवार, दुपारी ४:१०)

सर्वांचे मनापासून आभार. या तीन दिवसांत मी रीट्राय सुरू न करता आठवड्यातल्या लाल टेस्ट एकेक करून तपासल्या.

घड्याळाचा_काटा यांचा अंदाज तंतोतंत खरा ठरला. आमचे बिल्डचे यंत्र यूटीसीवर आहे. रोज त्याच लाल होणाऱ्या पाच टेस्ट "आजची तारीख" त्या यंत्राकडून घेत होत्या. दोन वर्षे आम्ही त्यांना लहरी म्हणत आलो, आणि त्या रोज रात्री अगदी नियमाने फेल होत होत्या. तारीख भारतीय वेळेने घेतल्यावर गेल्या दोन रात्री पाचही हिरव्या आहेत. बदलत राहणाऱ्या टेस्टपैकी बहुतेक एकाच जुन्या ग्राहकावर चालत होत्या. खाडीपलीकडे यांनी सांगितल्याप्रमाणे प्रत्येकीला नवा ग्राहक देण्याचे काम सुरू केले आहे, वीस झाल्या आहेत.

पावतीची टेस्ट मात्र या कशातच बसत नाही. ती स्वतःचा ग्राहक वापरते, पावती क्रमांक येईपर्यंत ३० सेकंद थांबते, आणि तरी कधीकधी फेल होते. फेल होताना टेस्टने घेतलेल्या पडद्याच्या फोटोत पान पूर्ण उघडलेले दिसते आणि त्यावर "पावती उपलब्ध नाही" असे लिहिलेले असते.

पारवा (शनिवार, सायंकाळी ६:४५)

"पावती उपलब्ध नाही" असे पान स्वतः सांगत असेल तर टेस्टला दोष देण्याआधी पानाचे म्हणणे खरे मानून पाहा. ही एकच टेस्ट रात्रभरात १०० वेळा चालवा, प्रत्येक वेळी नेटवर्कवरच्या विनंत्यांची नोंद ठेवा, आणि फेल झालेल्या व पास झालेल्या रनांच्या नोंदी शेजारी शेजारी ठेवून वाचा. कोणती विनंती आधी गेली आणि कोणते उत्तर नंतर आले, एवढेच पाहा.

तिसरा_फलाट (मंगळवार, रात्री ११:३०)

पारवा, सांगितल्याप्रमाणे केले. १०० पैकी ७ रन फेल झाले. काल रात्री मी आणि आमचे एक डेव्हलपर, आम्ही दोघांनी त्या नोंदी वाचल्या.

पैसे भरल्यावर गेटवे दोन गोष्टी करतो: ग्राहकाच्या ब्राउझरला आमच्या पावतीच्या पानावर परत पाठवतो, आणि "पैसे मिळाले" अशी पुष्टी आमच्या सर्व्हरला थेट कळवतो. ९३ रनांत पुष्टी आधी आली होती. ७ रनांत ब्राउझर आधी पोहोचला. त्या वेळी सर्व्हरकडे पुष्टी नसल्यामुळे पान "पावती उपलब्ध नाही" असे दाखवते आणि तिथेच थांबते. पुन्हा विचारत नाही. पुष्टी अर्ध्या-पाऊण सेकंदाने येते, पावती तयारही होते, पण ग्राहकाला ती दिसत नाही. टेस्ट ३० सेकंद थांबली काय आणि ३० मिनिटे थांबली काय, त्या पानावर पावती येणारच नव्हती.

आज दुपारी मी ग्राहक सेवा विभागात जाऊन बसले. "पैसे गेले, पावती नाही" या तक्रारींसाठी त्यांच्याकडे वेगळा रकाना आहे. त्या बहुतेक वेळा बँकेकडे बोट दाखवून बंद केल्या जातात. तिथल्या मुलीने मला रत्नागिरीच्या एका आजोबांचा अर्ज दाखवला. पावती दिसली नाही म्हणून त्यांनी त्याच रात्री तोच हप्ता पुन्हा भरला, आणि दुसरे पैसे परत मिळायला त्यांना अकरा दिवस लागले. आमची टेस्ट हेच सांगत होती आणि मी ती दर वेळी पुन्हा चालवून हिरवी करत होते.

हे सगळे मॅनेजरांना नोंदींसह दाखवले. ऑटो-रीट्राय सुरू करायचा नाही असे त्यांनी स्वतःच ठरवले. पावतीचे पान आता "पुष्टीची वाट पाहत आहोत" असे दाखवेल, दर दोन सेकंदांनी सर्व्हरला विचारेल, आणि त्या काळात पुन्हा पैसे भरण्याचे बटण बंद राहील. पुष्टी मुद्दाम पाच सेकंद उशिरा पाठवणारी बदली सेवा करून त्यासाठी एक वेगळी टेस्टही लिहायला घेतली आहे.

मोगरा (बुधवार, सकाळी ७:४०)

तिसरा_फलाट, तुमचा प्रतिसाद रात्रीच वाचला आणि सकाळी ऑफिसला पोहोचण्याआधी आमची रीट्रायची नोंद उघडली. गेल्या महिन्यात दुसऱ्या प्रयत्नात पास झालेल्या ४३ टेस्ट तिथे आहेत. "वेळ मिळेल तसा" म्हणत त्यातल्या एकीलाही आम्ही अजून हात लावलेला नाही. पैशांशी संबंधित अशा त्यात सहा आहेत. त्या सहांचा रीट्राय आज काढते, आणि रात्री प्रत्येकी १०० वेळा चालवायला लावते. नेटवर्कच्या नोंदी वाचताना कुठे अडले तर इथेच विचारेन.